लिस्बनची ट्राम आणि बस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातून, मुंबईतून, पुण्यातून लिस्बनला येणारी मंडळी निघायच्या आधी जे विचारतात आणि इथे उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा विचारतात, ते सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. तिकिटांचे दर आणि वेळापत्रकं सारखी बदलतात, म्हणून मासिक पासाचा दर सोडला तर ती दिलेली नाहीत. ती त्या-त्या दिवशी बघावीत.

ट्राम वेगळ्या कंपनीची आणि बस वेगळ्या कंपनीची का?

नाही. दोन्ही कारिशच्या. ही कंपनी १८७२ साली स्थापन झाली, आणि तीही लिस्बनमध्ये नाही, ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोला. नोव्हेंबर १८७३ मध्ये लिस्बनच्या रुळांवर घोड्यांची ट्राम धावली आणि ३१ ऑगस्ट १९०१ रोजी विजेची सुरू झाली. बसची नियमित सेवा बरीच उशिरा, म्हणजे १९४४ मध्ये आली. १ फेब्रुवारी २०१७ पासून कारिश लिस्बन महापालिकेच्या ताब्यात आहे. चढावरच्या दोरीच्या गाड्याही हीच कंपनी चालवते.

मालक एकच असल्याचा प्रवाशाला मोठा फायदा आहे. एकच कार्ड दोन्हीकडे चालतं. ट्राम अडकली तर उतरून मागून येणाऱ्या बसमध्ये चढा, एका तासाच्या आत असाल तर नवं भाडं द्यावं लागत नाही. लिस्बनकर हे दिवसभर करत असतात आणि पाहुणे मात्र अडकलेल्या ट्राममध्ये निष्ठेने बसून राहतात.

पाटीवर कोणता आकडा ट्रामचा आणि कोणता बसचा, हे कसं ओळखायचं?

आकड्यापुढे ई असेल तर ट्राम: १२-ई, १५-ई, १८-ई, २४-ई, २५-ई, २८-ई. एवढे सहाच मार्ग आज उरलेत. सातने सुरू होणारे तीन आकडी नंबर म्हणजे शहरातल्या नेहमीच्या बस. २००६ साली मार्गांची फेरमांडणी झाली तेव्हापासून हे सातशेचे नंबर आले. बी लागलेले छोटे नंबर वस्तीत फिरणाऱ्या बसचे, आणि दोनशेच्या घरातले रात्रीच्या बसचे. थांब्याच्या एकाच खांबावर हे सगळे शेजारी-शेजारी लिहिलेले असतात.

एकाच रस्त्यावर दोन्ही धावतात, मग अडचण येत नाही का?

येते, रोज येते. पण ती नेमकी कुठे येते ते समजलं की हे शहर बरंच सोपं होतं.

ट्राम बाजूला होऊ शकत नाही. सगळ्याचं मूळ एवढंच. बससमोर टेम्पो उभा राहिला तर बसवाला स्टीअरिंग वळवून, आरसा वाचवत निघून जातो. ट्रामच्या चालकाकडे स्टीअरिंग नसतंच. त्याच्याकडे वेग, ब्रेक आणि घंटा. त्यामुळे जिथे रस्ता रुंद आहे, म्हणजे नदीकाठचा पट्टा, तिथे ट्राम आणि बस एकमेकींना फारसा त्रास देत नाहीत. जिथे रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, तिथे बस ट्रामच्या मागे आणि ट्राम एखाद्या मोटारीच्या मागे अशी रांग लागते. पुढची ट्राम थांबली की मागच्या दोन-तीन ट्राम तिच्या पाठीला येऊन चिकटतात. मग तुम्ही थांब्यावर अर्धा तास ताटकळता आणि नंतर एकदम तीन ट्राम एकापाठोपाठ येतात. पहिली खचाखच भरलेली असते, तिसरी जवळपास रिकामी. अशा वेळी पहिली सोडून द्यावी.

दुसरी अडचण पावसाची. लिस्बनचे रूळ रस्त्याच्या दगडी फरशीत बसवलेले आहेत. ओल्या रुळावर लोखंडी चाकाची पकड सुटते आणि चढावर चाक जागच्या जागी फिरू लागतं. त्यासाठी ट्राममध्ये वाळू भरलेली असते. चालक ती चाकासमोर रुळावर सोडतो. पावसाळी दिवशी, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चढाच्या रस्त्यावर रुळात ओली वाळू साचलेली दिसली तर ती त्यासाठी. बसच्या टायरलाही गुळगुळीत झालेला ओला रूळ आवडत नाही, म्हणून अनुभवी बसवाले रुळावर ब्रेक दाबायचं टाळतात.

रुळावर कोणी मोटार लावून गेलं तर खरंच सगळं थांबतं?

खरंच थांबतं. बेकरीसमोर पार्किंगचे दिवे लुकलुकत ठेवून एखादा 'दोन मिनिटांसाठी' उतरतो. मोटारीचं मागचं चाक रुळापासून वीतभर लांब असतं, पण ट्रामचं अंग रुळाच्या बाहेर बरंच आलेलं असतं हे त्याच्या ध्यानात नसतं. ट्राम येते, थांबते, घंटा वाजते. मग पुन्हा वाजते. चालक खाली उतरतो, हाताने अंतर मोजल्यासारखं करतो, मोटारीचा आरसा दुमडतो, परत वर जाऊन ट्राम इंचा-इंचाने पुढे घेतो आणि थांबतो. तोवर आजूबाजूच्या खिडक्यांतून सल्ले सुरू झालेले असतात. मोटारवाला हातात पुडी घेऊन पळत येतो. तो आला नाही तर पोलीस आणि टोइंगची गाडी. कधीकधी चार-पाच दणकट प्रवासी उतरून छोटी मोटार मागून उचलून हातभर सरकवतात.

अशा वेळी पाच मिनिटं वाट बघा, त्यानंतर चालायला लागा. जुन्या लिस्बनमध्ये दोन थांब्यांतलं अंतर बहुतेक ठिकाणी फारच थोडं आहे.

त्या लाकडी, जुन्या ट्राम खरोखर जुन्या आहेत की दिखाऊ?

अंग जुनं, आतलं नवं. सांगाडे १९३० च्या दशकातल्या ट्रामचे आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यातल्या ४५ ट्राम घेऊन त्यांच्या खालची चाकं, मोटरी, ब्रेक, विजेची यंत्रणा सगळं बदललं. त्यांना रेमोदेलादो, म्हणजे नव्याने घडवलेल्या, असं म्हणतात. लांबी साडेआठ मीटरच्या आसपास, बसायला वीस जागा. दोन रुळांतलं अंतर ९०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षाही कमी.

त्या ठेवल्या त्या केवळ पर्यटकांसाठी नव्हे. आल्फामा या जुन्या वस्तीतली वळणं आणि चढ असे आहेत की लांब ट्राम तिथे वळूच शकत नाही. २८-ईच्या वाटेवर १३ टक्क्यांहून जास्त चढ आहे: शंभर मीटर पुढे जाताना तेरा मीटरहून अधिक वर. याउलट १५-ई सपाट नदीकाठाने जाते, म्हणून तिच्यावर १९९५ पासून लांब, जोडडब्यांच्या ट्राम आल्या, आणि अलीकडे स्पेनच्या काफ कंपनीच्या आणखी लांब, नव्या ट्राम त्यांच्यात भर घालू लागल्या आहेत. कंपनी तीच, रूळ तेवढ्याच रुंदीचे आणि वाहनं मात्र दोन वेगळ्या शतकांतली.

२८-ई घ्यावी की नाही?

प्रामाणिक उत्तर: बघावी जरूर, दुपारी बसू नये.

मार्तिम मोनीझ ते कांपो दे ओरीक हा तिचा मार्ग. मार्तिम मोनीझला सकाळी दहानंतर जी रांग लागते, ती पाहून गणपतीत दर्शनाला उभे राहिल्यासारखं वाटतं, आणि इथे मुखदर्शनाची वेगळी रांग नसते. आत शिरल्यावर खिडकी मिळेल याची खात्री नाही. उभं राहिलात तर खिडक्यांची वरची कड डोळ्यांसमोर येते आणि अख्ख्या आल्फामातून समोरच्याची पाठपिशवी तेवढी दिसते.

बसायचंच असेल तर भल्या सकाळी, किंवा उलट टोकाला, प्राझेरेशच्या दफनभूमीपाशी जाऊन तिथून बसा. तिथे रांग बरीच कमी असते. जुनी ट्राम हवी आणि गर्दी नको असेल तर २४-ई घ्या. तिच्यावरही त्याच छोट्या पिवळ्या ट्राम धावतात.

आणखी एक बाजू आहे. ग्रासा आणि आल्फामात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बाजारातून पिशव्या घेऊन घरी जायला हीच ट्राम आहे. त्यांच्या थांब्यावर ती आली की आत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून ज्यांना फक्त ग्रासाच्या टेकडीवर पोचायचं आहे, त्यांनी मार्तिम मोनीझहूनच ७३४ नंबरची बस पकडावी. किल्ल्यावर जायचं तर प्रासा दा फिगेरा या चौकातून ७३७ ही छोटी बस. बसमधून फोटो चांगले येत नाहीत म्हणून तिला कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच बसायला जागा मिळते.

इतक्या अरुंद गल्लीत दोन ट्राम समोरासमोर आल्या तर?

येऊ देत नाहीत. आल्फामातल्या रुआ दाश एश्कोलाश जेराइश या गल्लीत काही भागात एकच रूळ आहे. तिथे ट्रामसाठी स्वतंत्र सिग्नल आहेत. एक ट्राम आत शिरली की पलीकडच्या टोकाला लाल दिवा. पूर्वी हेच काम माणसं उभी राहून हातातल्या खुणेने करत.

या गल्लीत भिंत आणि ट्राम यांच्यात इतकी कमी जागा आहे की समोरून ट्राम आली तर दाराच्या कोनाड्यात शिरून पाठ भिंतीला लावायची. स्थानिक माणूस बोलता-बोलता हे करतो. तुम्ही ट्राममध्ये असाल तर हात, फोन, कोपर काहीही खिडकीबाहेर काढू नका. ही सूचना ट्राममध्ये लिहिलेली असते आणि रोज कोणीतरी ती मोडतं.

रुळाला जिथे फाटा फुटतो तिथे थोडं थांबून बघा. एरवी चालक आतूनच सांधा बदलतो, पण कधी तो अडला की हातभर लांबीची लोखंडी कांब घेऊन खाली उतरतो, रुळाच्या खोबणीत ती खुपसून सांधा एका बाजूला ढकलतो, कांब परत आत टाकतो आणि निघतो. मागे बसवाला निमूट थांबलेला असतो. हॉर्न वाजवत नाही. वाजवून उपयोग नाही हे त्याला ठाऊक असतं.

बेलेमला जायला १५-ई की बस?

बेलेमचा मनोरा, जेरोनिमुशचा मठ, वास्को द गामाची कबर हे सगळं बघायला बहुतेक जण प्रासा दा फिगेराहून १५-ई घेतात. पण त्याच चौकातून ७१४ नंबरची बसही निघते आणि बेलेमलाच जाते. रुआ दा जुन्केरा या लांब रस्त्यावर तर दोन्ही एकाच वाटेवर असतात, कधी ही पुढे, कधी ती.

माझं मत: जी आधी येईल ती घ्या. ट्राम प्रशस्त आहे, मुलांची ढकलगाडी असेल तर सोयीची, पण उन्हाळ्यात भरून वाहते. बसला माणसं कमी आणि वाटेत काही अडलं तर ती वळसा घालू शकते. नदीकाठच्या काइश दो सोद्रे स्टेशनाहून ७२८ हाही चांगला पर्याय. रविवारी सकाळी महिन्यातून एखादी सायकल शर्यत किंवा मॅरेथॉन नदीकाठ बंद करते, तेव्हा दोन्ही विसरा आणि काश्काइशची लोकल धरा. ती बेलेमला थांबते.

२४-ई मधली काही वर्षं बंद होती म्हणतात. बस असताना ती परत का आणली?

हा प्रश्न इथल्या लोकांनाही वादाचा आहे.

२४-ई १९९५ मध्ये थांबली. रूळ तसेच राहिले, वर तारा तशाच. प्रिन्सिपे रियालच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं ते रूळ नुसते चमकत पडले होते, आणि त्याच रस्त्यावरून आज ७५८ नंबर असलेली बस मुकाट्याने लोकांना नेत होती. एप्रिल २०१८ मध्ये कामोइश चौक ते कांपोलीद अशी २४-ई पुन्हा सुरू झाली. आता कामोइशपासून रातोपर्यंतचा चढ दोघी मिळून चढतात.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की, एवढ्या अरुंद रस्त्यावर आधीच बस, टॅक्सी, सामानाच्या गाड्या, त्यात वीस जागांची ट्राम कशाला? ती अडकली की बसही अडकते. बाजूने बोलणारे म्हणतात, ट्राम आली म्हणून तरी रुळावर गाड्या लावणं कमी झालं, पोलीस लक्ष देऊ लागले, आणि त्याचा फायदा बसलाच झाला. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, पण अर्धंच. रुळावरच्या गाड्या हटवायला ट्राम आणावी लागते ही काही अभिमानाची गोष्ट नाही. बस अडकते तेव्हाही त्या हटवायला हव्यात. बसमध्ये ट्रामपेक्षा कितीतरी जास्त माणसं खोळंबलेली असतात. पण ट्राम अडकली की चार जण फोटो काढतात आणि बस अडकली की कोणी ढुंकूनही पाहत नाही.

रस्ता ओलांडताना काय सांभाळायचं?

आधी डावीकडे बघा. भारतातून आलेल्या प्रत्येकाला हे दोनदा सांगावं लागतं. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी वाहतूक डाव्या बाजूची उजव्या बाजूला नेली. गोव्याला मात्र डावी बाजूच ठेवली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. त्यामुळे पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात वाढलेल्या आजोबांनाही लिस्बनच्या रस्त्यावर मान उलटीच वळवावी लागते.

काही रस्ते मोटारींना एकाच दिशेचे असतात, पण बस किंवा ट्राम उलट दिशेनेही येते. जमिनीवर 'बस' असं लिहिलेलं दिसलं की दोन्हीकडे बघायचं. नव्या ट्राम आवाज फार कमी करतात, जुन्या मात्र वळणावर किंचाळतात.

फुटपाथवरचे पांढरे चुनखडीचे दगड पावसात साबणासारखे होतात. गुळगुळीत तळव्याच्या चपला घरी ठेवा.

गाडी भाड्याने घेतली तर ट्रामच्या बाबतीत नियम काय?

पोर्तुगालच्या वाहतूक नियमात रुळावरच्या वाहनाला उजवीकडून ओलांडायची मुभा आहे, पण ते माणसं चढवा-उतरवायला थांबलेलं असेल तेव्हा नाही. अपवाद फक्त जिथे प्रवाशांना उभं राहायला वेगळा ओटा केलेला असेल तिथला. म्हणजे ट्राम थांबली, दार उघडलं, तर तुम्ही मागे थांबायचं. माणसं थेट तुमच्या बोनेटसमोर उतरणार असतात.

बसच्या राखीव पट्ट्यात शिरू नका. आणि खरं सांगू का, आल्फामा, बायशा, शियादो या भागांत गाडी नेऊच नका. पार्किंग मिळत नाही, आणि शेवटी तुम्हीच तो बेकरीसमोरचा माणूस होता.

सायकल किंवा स्कूटर?

रुळाची खोबण सायकलच्या चाकाएवढीच असते. चाक आत गेलं की पडलात. रूळ ओलांडताना शक्य तितकं काटकोनात ओलांडा, रुळाला समांतर त्याच्या जवळून चालवू नका आणि पावसात उतरून हातात धरा.

तिकीट कसं काढायचं?

नवेगान्ते नावाचं कार्ड मेट्रोच्या कुठल्याही स्टेशनात यंत्रातून मिळतं. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि आपल्या मंडळींचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्यात पैसे भरून ठेवता येतात किंवा २४ तासांचं तिकीट भरता येतं. २४ तासांचं तिकीट बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे चालतं. चालकाकडे रोख पैसे देऊन तिकीट घेतलंत तर ते कार्डाच्या मानाने बरंच महाग पडतं, आणि ट्राममध्ये बसपेक्षाही महाग.

राहायलाच आला असाल तर मासिक पास घ्या. १ एप्रिल २०१९ पासून पासांची मोठी सुधारणा झाली: शहरापुरता ३० युरो, संपूर्ण महानगराला ४० युरो. त्याआधी लोकांकडे कंपनीनिहाय आणि पट्ट्यानिहाय इतके पास असत की ते समजावून सांगायला वेगळं पान लागलं असतं. २०२२ पासून लिस्बनमध्ये राहणाऱ्या २३ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना आणि ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना शहरात प्रवास मोफत आहे.

थांब्यावर उभं राहिलं की ट्राम-बस आपोआप थांबते ना?

गृहीत धरू नका. हात दाखवा. एका खांबावर सात-आठ नंबर असतात, तुम्ही कोणासाठी उभे आहात हे चालकाला कसं कळणार? पुढच्या दाराने चढायचं, कार्ड यंत्राला लावायचं, आत सरकायचं, मागच्या दाराने उतरायचं. १५-ईच्या लांब ट्रामला सगळ्या दारांनी चढता येतं, पण कार्ड लावायचं विसरू नका, तपासनीस येतात. उतरायच्या आधी बटण दाबा. 'ओ, थांबवा थांबवा' ओरडलात तर थांबवतील, पण सगळे बघतील.

रांगेची शिस्त थांब्यावर पाळतात. आधी आलेली आजी कट्ट्यावर बसलेली असली तरी तिचा नंबर पहिलाच असतो.

लाल ट्राम कसली? आणि पिवळ्या बसमध्ये बसलो, ती भलतीकडेच कशी गेली?

लाल ट्राम पर्यटकांच्या सहलीची. रूळ तेच, पण तिकीट वेगळं आणि महाग. तुमचं कार्ड किंवा पास तिथे चालत नाही.

पिवळ्या बसचा घोळ खरा आहे. कारिशच्या शहरी बस पिवळ्या, आणि २०२२-२३ मध्ये सुरू झालेल्या कारिश मेट्रोपोलिटाना या उपनगरी बसही पिवळ्या. नावही सारखंच. ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडा: चार आकडी नंबर दिसला तर ती शहराबाहेर जाणारी. ७१४ समजून चार आकड्यांच्या बसमध्ये बसलात तर थेट पुलापलीकडे अल्मादाला उतराल. ४० युरोचा महानगर पास असेल तर निदान भुर्दंड पडत नाही.

ग्लोरियाच्या अपघातानंतर ट्राम सुरक्षित आहे का?

३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाच्या चढावरची गाडी उतारावरून सुटली आणि १६ माणसं गेली. बातम्यांत तिला सर्रास ट्राम म्हटलं गेलं, म्हणून हा प्रश्न येतो.

ग्लोरिया ही ट्राम नव्हे. तिथे दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना जोडलेले असतात. एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. त्या दिवशी दोराची जोडणीच सुटली. अपघातानंतर शहरातल्या तशा दुसऱ्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. रस्त्यावरची ट्राम कुठल्याही दोरावर अवलंबून नसते. तिची स्वतःची मोटर असते, आणि ब्रेक एकाहून अधिक प्रकारचे असतात. त्यातला एक चुंबकाने थेट रुळाला चिकटतो. ट्राममध्ये बसताना खिशाची काळजी जास्त करा: २८-ई आणि १५-ई या दोन्हींवर पाकीटमार फिरतात, आणि ते पर्यटकांसारखेच दिसतात. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी.

मुंबईत ट्राम गेली, इथे कशी टिकली?

दोन्ही शहरांची सुरुवात जवळपास एकाच वेळची. लिस्बनला घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये, मुंबईला ९ मे १८७४ रोजी. विजेची इथे १९०१ मध्ये, तिथे १९०७ मध्ये. कारिशसारखंच बेस्टही ट्राम आणि बस दोन्ही चालवत असे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली आणि दादर टीटी (ट्राम टर्मिनस) एवढं नाव तिथे उरलं.

लिस्बननेही ट्राम काढायलाच घेतल्या होत्या. डिसेंबर १९५९ मध्ये मेट्रो आली आणि त्यानंतरच्या दशकांत सपाट, रुंद रस्त्यांवरच्या ट्राम एकेक करून बसला जागा देत गेल्या. उरल्या त्या मुख्यतः टेकड्यांवरच्या, जिथे त्या काळच्या बस वळू शकत नव्हत्या. आता तिथे छोट्या बस सहज जातात, पण तोवर ट्राम शहराचा चेहरा बनली होती. तिला आता काढायची कोणाची छाती नाही.

उरलेल्या सगळ्या ट्राम आज आल्कान्तारापाशी सान्तो अमारोच्या एकाच आगारात रात्रीच्या जातात. त्याच आवारात कारिशचं संग्रहालय आहे. घोड्याच्या ट्रामपासून दुमजली बसपर्यंत सगळं तिथे उभं आहे, आणि गर्दी जवळजवळ नाही. २८-ईच्या रांगेत घालवायचा वेळ तिथे घालवा. गोव्याच्या मंडळींनी त्याच फेरीत कासा दे गोवा ही इथल्या गोवेकरांची सांस्कृतिक संस्था बघावी. आल्कान्ताराहून थोडा चढ चढावा लागतो.

मार्ग अचानक तोडलेला असला तर?

होतं असं. काइश दो सोद्रे आणि सान्तुश भागात मेट्रोच्या नव्या वर्तुळ मार्गाच्या खोदकामामुळे ट्रामचे मार्ग काही वर्षं आखडले होते. रूळ उखडले की ट्रामकडे दुसरी वाट नसते. मग तेवढ्या तुकड्यापुरती बस लावतात. जून महिन्यात, विशेषतः १२ तारखेच्या रात्री, सान्त अन्तोनियोच्या जत्रेत आल्फामाच्या गल्ल्या सार्डिन भाजणाऱ्या शेगड्यांनी आणि माणसांनी भरतात. त्या रात्री २८-ई आणि १२-ई तिथून जाऊच शकत नाहीत. थांब्याच्या खांबावर कागद चिकटवलेला असतो, पोर्तुगीजमध्ये. तो वाचता येत नसेल तर नुसता तुमचा नंबर आणि तारीख शोधा, बाकी शेजारची आजी सांगते.

रात्री उशीर झाला तर?

मेट्रो रात्री एकच्या सुमारास बंद होते. त्यानंतर दोनशेच्या घरातल्या रात्रीच्या बस धावतात आणि त्यातल्या बहुतेक काइश दो सोद्रेला एकत्र येतात. कुठेही असाल तर आधी काइश दो सोद्रे गाठा, तिथून आपल्या दिशेची बस बदला. शनिवारी रात्री त्या बसमध्ये उभं राहायची तयारी ठेवा.